नव्या पिल्लासाठी खाणे, चघळणे आणि खेळणी: काय ठेवावे आणि काय परत करावे

पुण्यातील एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी दोन महिन्यांचे लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू घरी आणले. दुकानदाराने सोबत एक पिशवी दिली, तीत दोन्ही टोकांना गाठ मारलेले पांढरे ‘हाड’, लाल-हिरव्या काड्यांचे पाकीट, म्हशीचे वाळवलेले खूर, रंगीत दोरीचे खेळणे, दाबल्यावर वाजणारे रबरी बदक आणि कॅल्शियमच्या सिरपची बाटली होती. घर शाकाहारी आहे. सासूबाई पिल्लाला सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी देतात. पिल्लू मात्र माणसांचे हात, चपला आणि सोफ्याचे पाय यांवरच दात चालवते. यातले काय द्यावे, काय देऊ नये, आणि खाण्यात काय बदल करावा, असे त्यांनी विचारले आहे.

पिशवीतील बहुतेक वस्तू परत करण्याजोग्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पाकिटावर ‘नैसर्गिक’ लिहिले आहे की ‘दातांसाठी उत्तम’, याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. पिल्लाला कोणतीही वस्तू देण्यापूर्वी, ही वस्तू आज ना उद्या तुटणार आहे, तेव्हा तुटलेला तुकडा कोठे जाईल आणि तेथे त्याचे काय होईल, एवढेच स्वतःला विचारावे. पिल्लू वस्तू चघळून थुंकत नाही, गिळते, हे दवाखान्यात काम करणारा प्रत्येक पशुवैद्य जाणतो, आणि लॅब्रॅडॉर तर या बाबतीत अग्रेसर आहे.

प्रथम दातांविषयी. या वयात पिल्लाच्या तोंडात २८ दुधाचे दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. म्हणजे आपल्याकडे चावण्याचा खरा हंगाम अजून सुरूच झालेला नाही. पुढचे चार-पाच महिने हिरड्या शिवशिवत राहतील, आणि पिल्लाला जग ओळखण्याचे साधन तोंड हेच असल्यामुळे ते सगळे तोंडात घालील. हा स्वभावदोष नाही, म्हणून त्यासाठी पिल्लाला मारणे किंवा त्याचे तोंड दाबून धरणे व्यर्थ आहे. दुधाचे दात सुईसारखे टोकदार असले तरी नाजूक असतात. त्यांतला सुळा मोडून आतली नस उघडी पडली, तर तेथे झालेला जंतुसंसर्ग खालून येणाऱ्या कायमच्या दातालाही बाधू शकतो.

म्हणून म्हशीचे खूर सर्वांत आधी बाजूला काढावेत. चघळण्याची वस्तू घेताना मी पालकांना अंगठ्याचे नख तिच्यात रुतवून पाहायला सांगतो. जोर लावल्यावर नखाची खूण उमटली, तर ती पिल्लाला देण्याचा विचार करता येतो. नखच दुखले, तर वस्तू दुकानातच ठेवावी. दुसरी परीक्षा याहून सोपी आहे: ती वस्तू आपल्याच गुडघ्याच्या वाटीवर हलकेच आपटावी, आणि ते नकोसे वाटले तर ती पिल्लाच्या दातांनाही नको. खूर, शिंगे, हरणाची शिंगे म्हणून विकले जाणारे तुकडे आणि कडक नायलॉनची हाडे या परीक्षेत नापास होतात. मोठ्या कुत्र्यांत अशा वस्तूंमुळे वरच्या जबड्यातील मोठ्या दाढेची बाहेरची चकती तासल्यासारखी निघालेली आम्ही वरचेवर पाहतो. ती दाढ मग काढावी तरी लागते किंवा तिचे रूट कॅनाल करावे लागते, आणि दोन्हींसाठी पूर्ण भूल द्यावी लागते. खुराचा दुसरा दोष असा की, तो फुटतो तेव्हा त्याची धारदार कपची निघते.

हल्ली सर्रास मिळणारी छुर्पी, म्हणजे नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगकडे याक किंवा गायीच्या दुधापासून बनवले जाणारे कडक चीज, शाकाहारी घरांना सोयीची वाटते. पदार्थ म्हणून तिच्यात काही वावगे नाही. परंतु तीही नखाच्या परीक्षेत उतरत नाही, म्हणून सगळे कायमचे दात येईपर्यंत ती थांबवावी. पुढे दिलीत तर शेवटचा बोटभर तुकडा हातातून काढून घ्यावा, कारण कुत्री तो अख्खा गिळतात. तो तुकडा पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ ठेवला की फुलून कुरकुरीत होतो, आणि थंड झाल्यावर खाऊ म्हणून देता येतो.

पांढरे ‘हाड’ हे हाड नव्हेच. जनावराच्या कातडीचा आतला थर रसायनांनी स्वच्छ करून, वळून, वाळवून ते बनवतात. शाकाहारी घरांत ते कॅल्शियमचे हाड समजून आणले जाते, म्हणून हा खुलासा. लाळेने ते मऊ व बुळबुळीत होते, मग गाठ सुटते आणि चिवट पट्टा घशाकडे सरकतो. गिळलेला मोठा तुकडा पोटात सहजी विरघळत नाही, उलट पाणी शोषून फुगतो. लाल-हिरव्या काड्यांचे म्हणाल, तर त्या बहुधा कातडीचा चुरा, पीठ आणि रंग यांच्या असतात. त्यांनी घसा अडण्याची भीती कमी असली, तरी कोवळ्या आतड्यांना त्या मानवत नाहीत, आणि जुलाब झालेले पिल्लू समोर आले की पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका घेऊन तपासण्या कराव्या लागतात. एका काडीपायी हा खर्च आणि घोर कशाला पत्करावा? शिजवलेली हाडे, मग ती शेजाऱ्यांनी प्रेमाने आणून दिलेली का असेनात, कधीही देऊ नयेत. शिजल्यावर हाड ठिसूळ होते आणि त्याच्या सुयांसारख्या कपच्या होतात.

मग द्यावे काय? घरातलेच पुष्कळ आहे. सुती पंचाचा तुकडा ओला करून, पीळ देऊन, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि कडक झाल्यावर आपल्या देखरेखीत दहा-पंधरा मिनिटे चघळायला द्यावा. सुजलेल्या हिरड्यांना गारव्याने आराम पडतो. कापड सैल पडले किंवा धागे सुटू लागले की काढून घ्यावे. जाड, अख्खे, थंडगार गाजरही चांगले. त्याच्या चकत्या मात्र करू नयेत, कारण गोल चकती घशात नेमकी बसते. गाजर बोटाएवढे उरले की उचलावे.

पैसे खर्च करायचेच असतील, तर पिल्लांसाठीच्या मऊ रबराचे, आतून पोकळ आणि दोन्ही बाजूंना भोके असलेले एक चांगले खेळणे घ्यावे. ‘काँग’ हे त्यातले सर्वपरिचित नाव आहे, पण इतरही मिळतात. भोके दोन असावीत, हा आग्रह सकारण आहे. एकच भोक असलेल्या पोकळ चेंडूत जीभ शिरली की आत पोकळी तयार होऊन ती ओढली जाते, सुजते आणि निघत नाही. असे खेळणे भरण्याची माझी पद्धत सांगतो. पिल्लाच्या रोजच्या कोरड्या खाद्यातील मूठभर दाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावेत, हाताने कुस्करून त्यात चमचाभर दही मिसळावे, लहान भोकात गाजराचा जाड तुकडा बुचासारखा बसवून मोठ्या बाजूने हे मिश्रण दाबून भरावे, आणि खेळणे पेल्यात उभे करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी घरातल्या मंडळींची जेवणाची पाने वाढली की ते द्यावे. पिल्लू पाऊण तास त्यात गुंतून राहते, चाटत राहिल्याने शांत होते आणि पुष्कळदा तेथेच झोपून जाते. खाद्य रोजच्या वाट्यातलेच असल्यामुळे जादा खाणेही होत नाही. शेंगदाण्याचे बटर वापरणार असाल, तर घरी भाजलेल्या दाण्यांचे, मीठ-साखर न घातलेले वापरावे. बाजारी बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) हा शब्द दिसला तर ती बाटली पिल्लाच्या वासालाही लागू देऊ नये. त्याविषयी पुढे लिहितो.

रबरी बदक आणि दोरी यांच्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे, हे मान्य करतो. वाजणाऱ्या खेळण्यात पिल्लाला त्या आवाजाच्या उगमापर्यंत पोहोचायचे असते, आणि आतली प्लॅस्टिकची शिट्टी निघाली की ती गिळली जाते. आपण हातात धरून खेळवणार असाल तर बदक ठेवावे, खेळ संपला की ते कपाटात जावे. दोरीचे तसेच, किंबहुना त्याहून जास्त सांभाळावे. गिळलेल्या धाग्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते, आतडी मात्र दुसरे टोक पुढे ढकलत राहतात, आणि पायजम्याच्या नाडीवर कापड गोळा व्हावे तशी आतडी धाग्यावर चुणत जातात. ताणलेला धागा मग आतड्याची भिंत कापतो. पायपुसण्याच्या दशा, पदराचे गोंडे, संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर पडलेला मांजा आणि सुईत ओवून ठेवलेला दोरा, या सगळ्यांना हेच लागू आहे. पिल्लाच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नये, तसेच घेऊन यावे.

चेंडूचा आकार ठरवताना पिल्लू आज केवढे आहे हे न पाहता त्याचे तोंड केवढे उघडते ते पाहावे. सुळ्यांच्या मागे जाऊन जिभेवर बसेल असा चेंडू घातक असतो. गल्ली क्रिकेटचा लहान रबरी चेंडू वाढत्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत नेमका तसा ठरतो, म्हणून आज योग्य वाटणारा चेंडू दोन महिन्यांनी पुन्हा तपासावा. टेनिसचा चेंडू फेकून आणायला ठीक, पण चघळत बसायला देऊ नये. त्याची लव धूळ धरते आणि दात घासून झिजवते. दिव्यांची उघडझाप करणारी स्वस्त खेळणी घरात आणूच नयेत. त्यांतील बटणाएवढी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर तासा-दोन तासांत तेथे भाजल्यासारखी जखम करते.

या पिशवीपेक्षाही मला आपल्या घराची आणि अंगणाची काळजी अधिक वाटते. आतड्यात अडकलेल्या वस्तू काढायच्या शस्त्रक्रियांत दुकानातली खेळणी असतातच, परंतु पावसाळा सुरू झाला की दाणे खाऊन उरलेले कणसाचे गाभे येऊ लागतात. सिंहगडावर किंवा लोणावळ्याला कुटुंब भाजलेली कणसे खाते, गाभा गवतात टाकला जातो आणि पिल्लू तो गाठते. कणसाचा गाभा पचत नाही, तोडलेल्या तुकड्याचा घेर लहान आतड्याच्या घेराला जवळजवळ बरोबर भरतो, आणि त्याचा खडबडीत पृष्ठभाग आतल्या अस्तराला पकडून बसतो. काही पिल्ले लगेच उलट्या करतात. काही मात्र कित्येक दिवस अधूनमधून ओकत, कमी खात राहतात आणि घरच्यांना अपचन वाटते. मे महिन्यात हीच कथा आंब्याच्या कोयीची असते. कचऱ्याचा डबा झाकणाचा असावा आणि ओट्याखालच्या कपाटाला कडी असावी. मोजे, नारळाच्या शेंड्या, केसांचे रबर आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या वर ठेवाव्यात. अंगणात कण्हेर असेल तर तिची छाटणी करून फांद्या तेथेच टाकू नयेत, कारण तिच्या प्रत्येक भागात हृदयावर परिणाम करणारे विष असते.

आता खाण्याकडे येतो. सासूबाईंच्या मायेबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की, दूध-पोळीवर लॅब्रॅडॉरचे पिल्लू वाढत नाही, फक्त फुगते. त्यात प्रथिने अपुरी, खनिजांचे प्रमाण बिघडलेले, आणि दूध सोडण्याच्या वयानंतर दुधातली साखर पचवण्याची शक्ती कमी होत गेल्याने पातळ शौचाचा त्रास वेगळाच. त्यांना खाऊ घालायचेच असेल, आणि ते घालू द्यावे, तर दिवसाकाठी दोन चमचे ताजे दही, पनीरचा लहान तुकडा किंवा चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचा भाग त्यांच्या हातून द्यावा. मुख्य आहार मात्र वाढत्या वयासाठी संपूर्ण व संतुलित असे स्पष्ट लिहिलेले, मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे खाद्य असावे. कुत्रा पिष्टमय पदार्थ पचवू शकतो, आणि नीट तयार केलेल्या शाकाहारी खाद्यावर तो राहूही शकतो, परंतु घरचा डाळ-भात म्हणजे तसे खाद्य नव्हे. घरीच शिजवून घालायचे असेल, तर पशुवैद्याकडून ग्रॅममध्ये लिहिलेली पाककृती घ्यावी आणि त्यात मनाने बदल करू नये.

प्रमाणाचा अंदाज असा काढतात. पाच किलोच्या पिल्लाची विश्रांतीतील गरज साधारण २३५ किलोकॅलरी येते आणि चार महिन्यांपर्यंत तिच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ७०० किलोकॅलरी लागतात. बहुतेक कोरड्या खाद्यांत १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असल्याने दिवसाला १८० ते २०० ग्रॅम पुरतात, आणि ते चार वेळांत विभागून द्यावे. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलावे. दर आठवड्याला पिल्लाचे वजन घेऊन प्रमाण सुधारावे, आणि हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागतात की नाही ते पाहावे. वरचा खाऊ एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, आणि तूप लावलेली एकच पोळी ही मर्यादा ओलांडते. सध्याच्या खाण्यावरून नव्या खाद्याकडे सात ते दहा दिवसांत हळूहळू यावे. पोत्यातून काढलेले सुटे खाद्य स्वस्त मिळते खरे, पण त्यावर ना तारीख असते ना घटक, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत त्याला बुरशी लागायला वेळ लागत नाही. लहान, बंद पाकीट घ्यावे आणि उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, पाकिटासकट ठेवावे.

कॅल्शियमचे सिरप बंद करावे. ही सूचना लोकांना सर्वांत जड जाते, कारण मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम हवेच, अशी समजूत पक्की बसलेली आहे. वास्तविक मोठ्या जातींच्या लहान पिल्लांना आतड्यातून शोषल्या जाणाऱ्या कॅल्शियमला पुरेसा लगाम घालता येत नाही. जास्त दिले की जास्त आत जाते, आणि हाडे व सांधे वेडेवाकडे वाढतात. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसून आले आहे. उलट केवळ भात-चिकन किंवा दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाचे पाय वाकलेले दिसतात, तेव्हा दोष मूळ आहाराचा असतो. आहार सुधारणे हाच त्यावरचा इलाज, आणि बाटली द्यायची की नाही हे तपासणीनंतर पशुवैद्याने ठरवावे.

आपल्या स्वयंपाकघरातील काही पदार्थ मात्र थेंबभरही नकोत. बेदाणे आणि द्राक्षे यांत पहिले, कारण त्यांची सुरक्षित मात्रा सांगता येत नाही. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही, दुसऱ्याचे मूत्रपिंड थोड्याशा दाण्यांनी निकामी होते. बेदाणे घातलेला रव्याचा लाडू आणि प्रसादाचा शिरा म्हणूनच धोक्याचे. यामागे द्राक्षातले टार्टारिक आम्ल असावे, असे अमेरिकेतील विषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. चिंचेतही हे आम्ल भरपूर असते, तेव्हा चिंचेचा कोळ घातलेली आमटीही भातावर घालू नये. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला किंवा मसाल्यातला, कसाही असला तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. पाच किलोच्या पिल्लाला एक मध्यम कांदा पुरेसा आहे आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. चॉकलेटमध्ये गडद चॉकलेट अधिक विषारी: तेवढ्याच पिल्लाला दुधाच्या चॉकलेटचे ५० ग्रॅम किंवा गडद चॉकलेटचे जेमतेम २० ग्रॅम लक्षणे दाखवायला पुरतात. साखरमुक्त च्युइंगगम आणि काही टूथपेस्टमध्ये असणारे झायलिटॉल अर्धा ग्रॅम पोटात गेले तरी अशा पिल्लाची रक्तशर्करा कोसळू शकते. आपल्या डोकेदुखीची गोळी पिल्लाच्या दुखऱ्या हिरड्यांसाठी कदापि देऊ नये.

जाता जाता पिल्लाचे वय तपासून घ्यावे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांसंबंधीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, तरी ‘दोन महिन्यांचे’ म्हणून पाच आठवड्यांची पिल्ले सर्रास दिली जातात. पहिल्या भेटीत दातांवरून वयाचा अंदाज घेता येतो. पिल्लू खरोखर पाच-सहा आठवड्यांचे निघाले, तर कोरडे खाद्य भिजवून लापशीसारखे द्यावे लागेल आणि चघळण्याच्या वस्तूंना महिनाभर तरी रजा द्यावी लागेल.

काही गिळल्याची शंका आली, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. त्याने रक्तातील मीठ वाढून झटके येऊ शकतात. दूध, तूप, कच्चे अंडे हे उपायही कामाचे नाहीत. वारंवार उलटी किंवा नुसतेच उमाळे, खाणे सोडणे, पोटाला हात लावू न देणे, शौच न होणे किंवा पाठ कमानीसारखी करून उभे राहणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता निघावे. श्वासच अडला असेल, तर तोंड उघडून दिसणारी वस्तू बोटाने बाजूने ओढून काढावी, आत ढकलू नये. निघताना पाकीट, औषधाची पट्टी किंवा खेळण्याचा उरलेला भाग सोबत घ्यावा. कापड, कणीस आणि पुष्कळसे मऊ प्लॅस्टिक क्ष-किरण चित्रात स्पष्ट उमटत नाही, त्यामुळे नेमका केवढा तुकडा आत गेला आहे, हे उरलेल्या भागावरून लवकर कळते.